कवचबीजाचे चूर्ण आणि बाबांची गोळी

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो. वर्षभरापासून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटत होता आणि अक्षर बारीक होत चालले होते, म्हणून सांगलीला दाखवले. तेथे पार्किन्सन्सचे (कंपवाताचे) निदान झाले आणि लेव्होडोपाची गोळी लिहून दिली गेली. परंतु ‘ही गोळी पाच वर्षांत काम करेनाशी होते, ती जितकी उशिरा सुरू होईल तितके बरे’ असे काकांनी सांगितल्यापासून बाबा ती एक दिवस घेतात आणि दोन दिवस टाळतात. त्याऐवजी कवचबीजाचे चूर्ण, हळद-मिरीच्या कॅप्सूल, ग्रीन टी आणि एका नातेवाइकाने पाठवलेला हनुमानफळाच्या पानांचा चहा असे सगळे घरात सुरू झाले आहे. वनस्पतींमधील द्रव्ये मेंदूच्या पेशींचे रक्षण करतात, असे आम्ही वाचले. हे कितपत खरे आहे? मी आणि माझा भाऊ (तो द्राक्षबाग पाहतो) यांनी हा आजार टाळण्यासाठी यातले काही आतापासून घ्यावे का?

उत्तर : आधी गोळीबद्दल लिहितो, कारण आपल्या पत्रातील बाकीच्या गोष्टींना थोडा वेळ लागला तरी चालेल, हिला चालणार नाही. काकांनी सांगितलेली समजूत एके काळी अनेक डॉक्टरांचीही होती, त्यामुळे त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तिची नीट परीक्षा नेदरलँड्समध्ये झाली. तेथे नुकतेच निदान झालेल्या ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच लेव्होडोपा देण्यात आले आणि उरलेल्यांना पहिले ४० आठवडे दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी देऊन नंतर लेव्होडोपा सुरू करण्यात आले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८० आठवड्यांच्या शेवटी दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. म्हणजे लवकर सुरू केल्याने नुकसान झाले नाही, आणि उशीर केल्याने पदरातही काही पडले नाही. उशिरा सुरू करणाऱ्यांनी ते महिने कंपात आणि ताठरपणात काढले, एवढेच. काही वर्षांनी गोळीचा अंमल लवकर उतरू लागतो, हे खरे आहे. त्याचे मुख्य कारण असे की आजार वाढतो तशी हालचालींसाठी लागणारे डोपामीन हे रसायन साठवून ठेवण्याची मेंदूची क्षमता घटत जाते. घानामधील रुग्णांना औषध मिळायलाच अनेक वर्षे उशीर होत असे. त्यांची इटलीतील रुग्णांशी तुलना केली तेव्हा हा त्रास गोळी किती वर्षे घेतली यापेक्षा आजाराला किती वर्षे झाली आणि गोळीची मात्रा किती आहे यांवर अवलंबून असल्याचे दिसले.

बाबांना आज जो त्रास आहे त्यावर गोळी आज उपयोगी आहे, आणि ती ठरल्या वेळी, रोज घ्यायची आहे. एक दिवस घ्यायची आणि दोन दिवस सोडायची, या पद्धतीने ती लागू पडते की नाही हेसुद्धा कळणार नाही. पुढे मात्रा वाढल्यावर ती एकाएकी बंद करणे तर धोक्याचे असते. त्यातून तीव्र ताप, अंग लाकडासारखे ताठणे आणि भान हरपणे इथपर्यंत मजल जाऊ शकते.

आता वनस्पतींकडे वळतो. या आजाराच्या औषधाचा इतिहास वनस्पतींपासूनच सुरू होतो, आणि बाबा शिक्षक असल्यामुळे हा भाग त्यांना वाचून दाखवावा, अशी माझी विनंती आहे. कवचबीज म्हणजे खाजकुयलीची बी. शेंगेवरची तपकिरी लव अंगाला लागली की काय होते, हे शाळेत एखाद्या वात्रट मुलाने ती बाकावर टाकल्याच्या प्रसंगावरून त्यांना चांगले आठवत असेल. लेव्होडोपा हे द्रव्य स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ मार्कुस गुगेनहाइम यांनी १९१३ साली बाकला या कडधान्याच्या शेंगांमधून वेगळे केले, आणि मद्रासमध्ये दामोदरन व रामस्वामी या संशोधकांनी १९३७ साली तेच द्रव्य खाजकुयलीच्या बियांतून काढले. त्या वेळी त्याचा उपयोग कोणालाच माहीत नव्हता. तो कळायला आणखी एक भारतीय वनस्पती कारणीभूत झाली, ती म्हणजे सर्पगंधा. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली लिहिलेल्या लेखामुळे जगभर पोहोचला होता आणि तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य सर्वत्र वापरले जात होते. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पीन दिले, तेव्हा ते हालचाल थांबवून निपचित पडले. लेव्होडोपा टोचल्यावर ते पुन्हा हालू-फिरू लागले. एका वनस्पतीतील द्रव्याने मेंदूतले डोपामीन रिकामे केले होते आणि वनस्पतींतच सापडलेल्या दुसऱ्या द्रव्याने ते भरून काढले. पुढे १९६१ मध्ये व्हिएन्नात ते प्रथम पार्किन्सन्सच्या रुग्णांना टोचण्यात आले, १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झिआस यांनी ते मोठ्या मात्रेत तोंडाने देऊन दाखवले, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पुरस्कार मिळाला.

म्हणजे बाबा जी गोळी टाळत आहेत आणि जे चूर्ण घेत आहेत त्या दोहोंत काम करणारे द्रव्य एकच आहे. ‘गोळी नको, कवचबीज द्या’ या म्हणण्यात औषध टाळले जात नाही, फक्त त्याचे मोजमाप टाळले जाते.

हे मोजमाप किती महत्त्वाचे आहे ते पाहा. कवचबीजात वजनाच्या साधारण चार ते सहा टक्के लेव्होडोपा असते, म्हणजे पाच ग्रॅमच्या एका चमच्यात ते अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. नेहमीच्या एका गोळीत बहुधा शंभर मिलिग्रॅम लेव्होडोपा असते, पण सोबत कार्बिडोपा नावाचे दुसरे औषधही असते. ते लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामीनमध्ये रूपांतर होऊ देत नाही, त्यामुळे मळमळ कमी होते आणि थोड्या मात्रेत काम भागते. चूर्णात हा सोबती नसतो. त्यामुळे चमचाभर चूर्ण म्हणजे अमुक इतक्या गोळ्या, असा हिशेब घरी मांडता येत नाही. त्यातच बियांचा वाण, जमीन आणि चूर्ण करण्याची पद्धत बदलली की द्रव्याचे प्रमाणही बदलते. डब्यावर छापलेला आकडा आणि आतला माल यांत मोठी तफावत असल्याचे परदेशी बाजारातील उत्पादनांच्या तपासणीत आढळले आहे.

कवचबीजाचा गुण नाकारण्याचा माझा हेतू नाही, कारण त्याचे पुरावे आहेत. भारतात ६० रुग्णांना त्यापासून बनवलेले औषध बारा आठवडे देऊन झालेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात लक्षणांत सुधारणा दिसली. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. लंडनमध्ये २००४ साली आठ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली, तेव्हा ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला. पण ही चाचणी मोजक्या डोसांची होती. बोलिव्हियात चौदा रुग्णांना काही आठवडे रोज चूर्ण देऊन पाहिले, तेव्हा त्यांतल्या सात जणांनी ते अर्ध्यावर सोडले, कोणी पोटाच्या त्रासामुळे तर कोणी हालचाल बिघडत गेल्यामुळे. गोळीच्या काळात मात्र कोणीही माघार घेतली नाही. ज्या गरीब देशांत गोळी परवडत नाही तेथे कवचबीज हा आधार ठरू शकतो, म्हणून संशोधक त्याच्या मागे आहेत, आणि ते योग्यच आहे. आपल्या घरात गोळी आलेली आहे. चूर्ण घ्यायचेच असेल तर डॉक्टरांना सांगून, गोळीची मात्रा त्यानुसार ठरवून घ्यावे. दोन्ही एकत्र आणि बेहिशेबी घेतल्यास मळमळ, उभे राहताना रक्तदाब उतरून पडणे, अंगाचे अनावर आळोखेपिळोखे, आणि या वयात भास होणे, असे त्रास संभवतात.

या सगळ्यात एक भेद मनात पक्का धरायला हवा, कारण जाहिराती नेमका तोच पुसून टाकतात. लक्षण कमी करणे वेगळे आणि पेशी वाचवणे वेगळे. लेव्होडोपा, मग ते गोळीतले असो की कवचबीजातले, कमी पडलेले डोपामीन भरून देते. डोपामीन तयार करणाऱ्या पेशींचा ऱ्हास ते थांबवते असे सिद्ध झालेले नाही. आपण जे संशोधन वाचलेत ते दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे पेशी वाचवण्याच्या आशेचे आहे, आणि ते बहुतेक काचपात्रातील पेशींवर किंवा उंदरांवर झालेले असते. उंदराला पार्किन्सन्स आपोआप होत नाही, म्हणून त्याला विशिष्ट विष टोचून मेंदूतील त्याच पेशी मारल्या जातात, आणि अभ्यासायचे वनस्पतिद्रव्य बहुधा विषाच्या आधी किंवा त्याच्यासोबत दिले जाते. घाव बसण्याआधी चिलखत चढवल्यावर जीव वाचला तर त्यात नवल कसले? माणसात हाताचा कंप दिसू लागतो तोवर मध्यमेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या काळसर पट्ट्यातील निम्म्याच्या आसपास पेशी आधीच गेलेल्या असतात, आणि वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे या खुणा कधी कधी त्याही आधी अनेक वर्षे दिसत असतात. बाबांना यांपैकी काही होत होते का, ते आठवून पाहावे. डॉक्टरांना ती माहिती उपयोगी पडेल.

प्रयोगशाळेतून माणसापर्यंत येताना जी द्रव्ये गळाली त्यांची यादी मोठी आहे. ऑक्सिडीकरणामुळे पेशींची हानी होते, ती रोखली की आजार थांबेल, या तर्काने अमेरिकेत ८०० रुग्णांना ‘ई’ जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत देऊन पाहिले; १९९३ साली निष्कर्ष आला की उपयोग नाही. पेशींच्या ऊर्जानिर्मितीत भाग घेणाऱ्या को-एन्झाइम क्यू-टेन या द्रव्याची सहाशे रुग्णांवरील चाचणी २०१४ साली अशीच निष्फळ ठरली. ग्रीन टीतील मुख्य द्रव्याची चाचणी पार्किन्सन्सच्या एका जवळच्या आजारात झाली, ज्यात पार्किन्सन्सप्रमाणेच अल्फा-सायन्यूक्लिन नावाचे प्रथिन पेशींत साचते. २०१९ मध्ये आलेल्या निकालात आजाराची गती कमी झाली नाही, आणि मोठ्या मात्रेमुळे काहींच्या यकृताला इजा झाली. कपभर ग्रीन टी प्यायल्याने तसे होत नाही. बाबांना आवडत असेल तर पिऊ द्यावा. अर्काच्या कॅप्सूल मात्र आणू नयेत.

हळदीबद्दल सांगलीकरांना काही सांगणे म्हणजे धाडसच आहे. हळदीतील करक्युमिन हे द्रव्य पार्किन्सन्समधील त्या प्रथिनाच्या गुठळ्या होऊ देत नाही, हे काचपात्रात दिसले आहे. अडचण अशी की हळदीच्या पुडीत करक्युमिन जेमतेम तीन-चार टक्के असते, आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावते. मेंदूपर्यंत पोहोचणे ही फार पुढची गोष्ट झाली. म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतील पायपेरीन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की त्यामुळे करक्युमिनचे शोषण वीसपट वाढते. परंतु पायपेरीन हे साधते ते यकृताची द्रव्ये निकाली काढण्याची शक्ती मंदावून, आणि ती मंदावली की बाबा घेत असलेल्या इतर औषधांचे रक्तातील प्रमाणही बदलू शकते. अमेरिकेत आणि इटलीत अशा कॅप्सूल घेणाऱ्या काही लोकांना यकृतदाह झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. आमटीतली हळद आणि रात्रीचे हळदीचे दूध यांना हे काही लागू नाही, मात्र दूध आणि गोळी एकाच वेळी घेऊ नयेत. त्याचे कारण पुढे देतो.

कॉफीची गोष्ट जरा वेगळी आणि मला स्वतःला जास्त रंजक वाटणारी आहे. हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या ८,००४ पुरुषांचा तीस वर्षे मागोवा घेतला गेला. २००० साली आलेल्या निष्कर्षानुसार, भरपूर कॉफी पिणाऱ्यांच्या तुलनेत मुळीच न पिणाऱ्यांमध्ये पार्किन्सन्सचे प्रमाण सुमारे पाचपट होते. इतका स्पष्ट आकडा हाती आल्यावर कॅफीन हेच संरक्षण, असे कोणालाही वाटेल. पण ज्यांना आजार झालेला आहे अशा रुग्णांना रोज दोनदा २०० मिलिग्रॅम कॅफीन देऊन पाहिले, तेव्हा हालचालींत फायदा दिसला नाही. ती चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. कदाचित कॅफीन आजाराच्या फार आधी काम करत असेल; किंवा पुढे ज्यांना हा आजार होणार असतो त्यांच्या मेंदूत डोपामीन आधीपासूनच कमी असल्याने त्यांना अशा उत्तेजक सवयी लागतच नसतील. तंबाखूबाबत नेमके हेच कोडे आहे. धूम्रपान करणाऱ्यांत पार्किन्सन्स कमी आढळतो, म्हणून रुग्णांना वर्षभर निकोटिनच्या पट्ट्या लावून पाहिल्या. आजाराची गती कमी झाली नाही. हे लिहिण्याचे कारण एवढेच की ‘तंबाखूने कंपवात होत नाही’ असे सांगणारा कोणीतरी प्रत्येक गावच्या पारावर भेटतो.

आता आपल्या पत्रातील ज्या ओळीने मला खरी काळजी वाटली तिच्याकडे येतो. हनुमानफळाच्या, म्हणजेच मामफळाच्या पानांचा चहा आजच बंद करावा. कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप या फ्रेंच बेटावर १९९०च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आले की तेथे पार्किन्सन्ससारख्या, पण लेव्होडोपाला दाद न देणाऱ्या आजाराचे रुग्ण विलक्षण संख्येने आहेत आणि त्यांतले अनेक जण हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा नियमित घेतात. त्यातील अ‍ॅनोनासिन हे द्रव्य पेशींची ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पाडते, आणि उंदरांना ते सलग चार आठवडे दिल्यावर त्यांच्या मेंदूतील पेशी मेल्या. माणसात कार्यकारणाचा शेवटचा दुवा अजून पक्का झालेला नाही. पण ज्याला आधीच हा आजार आहे त्याला हा चहा पाजणे, आणि तेही मेंदूच्या रक्षणाच्या नावाखाली, मला अजिबात मान्य नाही. त्याच कुळातले सीताफळ हंगामात खाण्यावर मी बंदी घालणार नाही, पण त्याच्या बिया किंवा पाने कोणत्याही रूपात पोटात घेऊ नयेत.

असेच आणखी एक ‘नैसर्गिक’ द्रव्य म्हणजे रोटेनोन. काही शिंबावर्गीय वनस्पतींच्या मुळांतून ते निघते, मासे मारण्यासाठी आदिवासी समाज ते शतकानुशतके वापरत आले आणि वनस्पतिजन्य म्हणून सुरक्षित समजले गेलेले कीटकनाशक म्हणून ते विकले जात असे. २००० साली अटलांटा येथे उंदरांना ते थोडे थोडे सतत दिल्यावर त्यांच्यात पार्किन्सन्सचे हुबेहूब चित्र उभे राहिले. पुढे अमेरिकेतील शेतकरी व फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात, रोटेनोन किंवा पॅराक्वाट हे तणनाशक हाताळलेल्यांमध्ये आजाराची शक्यता सुमारे अडीचपट आढळली.

आपला आणि भावाचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. बहुतेक रुग्णांचा पार्किन्सन्स थेट आनुवंशिक नसतो. वडिलांना आहे म्हणून मुलांचा धोका थोडा वाढतो, इतकेच. तो टाळण्यासाठी कोणतेही चूर्ण वा कॅप्सूल सुचवावी असा पुरावा आज नाही, आणि कवचबीज तर निरोगी माणसाने प्रतिबंधासाठी घेऊच नये. भावासाठी मात्र ठोस सल्ला आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्यांचा सपाटा सुरू होतो, तेव्हा हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, फवारणीनंतर आंघोळ करून ते कपडे वेगळे धुवावेत, आणि तण काढण्यासाठी पॅराक्वाटला पर्याय शोधावा. कॅप्सूलवर जाणारे पैसे या साधनांवर गेले तर ते अधिक सत्कारणी लागतील.

बाबांसाठी औषधाइतकीच मोलाची गोष्ट व्यायाम आहे. नुकतेच निदान झालेल्या १२८ रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत, आठवड्यातून तीन-चार दिवस ट्रेडमिलवर चांगली धाप लागेल इतक्या जोराने चालणाऱ्यांची हालचाल सहा महिन्यांत जवळजवळ जशीच्या तशी राहिली, तर नेहमीच्या दिनक्रमात राहिलेल्यांची घसरली. हा निष्कर्ष २०१८चा आहे आणि मोठ्या चाचणीत तो अजून पडताळायचा आहे, तरीही वर उल्लेखलेल्या कोणत्याही वनस्पतिद्रव्याने माणसात एवढे दाखवलेले नाही. हृदयाची तपासणी करून घेऊन बाबांनी रोज भरभर चालावे. सोबत कोणीतरी असावे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांसाठी आणि कुटुंबीयांसाठी मराठीतून काम करते. त्यांच्याशी संपर्क साधल्यास बाबांना आपल्यासारखी माणसे भेटतील.

गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने नंतर, पाण्याबरोबर घ्यावी. दूध, डाळ, पनीर यांतील प्रथिनांचे घटक आणि लेव्होडोपा एकाच वाटेने शोषले जातात, म्हणून एकत्र घेतल्यास गोळी मागे पडते. सुरुवातीला मळमळले तर दोन साधी बिस्किटे चालतील. लोहाची गोळी चालू असल्यास दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. पुढच्या भेटीपर्यंत एका वहीत गोळीची वेळ, परिणाम कधी जाणवला आणि कधी उतरला, हे बाबांनाच त्यांच्या हस्ताक्षरात लिहू द्यावे. अक्षर मोठे होते की बारीक, तेही डॉक्टरांना त्यातच दिसेल. त्या भेटीला जाताना चूर्णाचा डबा आणि कॅप्सूलची बाटली सोबत न्यावी, आणि बाबा आतापर्यंत त्यांतले किती व कधीपासून घेत होते, ते न संकोचता सांगावे.